साठ इंचांची गोधडी साडेपंचावन्न कशी भरली?

चोपडा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांच्या बचत गटातल्या बायका जुनी लुगडी आणि सुती साड्यांच्या गोधड्या शिवतात. पुण्याजवळच्या एका पाहुणेघराने सहा गोधड्या सांगितल्या आहेत. माप ६० × ९० इंच, आणि माल आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत पोचायला हवा. जळगावला कॉम्प्युटर शिकणाऱ्या भाचीने इन्कस्केप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये सहा इंची चौकोनांचं डिझाइन काढून दिलं आणि त्यावरून सहाही गोधड्यांचे तुकडे कापून झाले. पहिलीचा वरचा थर जोडला, तर तो भरला साडेपंचावन्न × त्र्याऐंशी इंच. त्रिकोणांच्या दुसऱ्या डिझाइनचे साचे झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणले, तर टोकं जुळेनात. रंगही स्क्रीनवर एक दिसतात आणि अंथरल्यावर दुसरेच. ताई विचारतात: सॉफ्टवेअर चुकतं का? कापड किती लागेल हे त्यातून कळतं का? आणि गोधडीसाठीच बनवलेलं विकतचं सॉफ्टवेअर घ्यावं का?

ताई, चूक कुठे झाली ते तुमच्या आकड्यांतच दिसतं. रुंदीत साडेचार इंच कमी भरले, लांबीत सात. आडव्या ओळीत १० चौकोन म्हणजे ९ जोड, उभ्या ओळीत १५ चौकोन म्हणजे १४ जोड. नऊ अर्धे साडेचार, चौदा अर्धे सात. प्रत्येक जोडाने बरोब्बर अर्धा इंच खाल्ला आहे, पाव इंच या तुकड्याचा आणि पाव त्या तुकड्याचा. स्क्रीनवरचा सहा इंची चौकोन हा शिवून झाल्यावर दिसणारा चौकोन असतो. इन्कस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर आहे, त्याला शिवणीची माया, म्हणजे शिवणीत आत जाणारं कडेचं जादा कापड, माहीत नसते. ती आपण सांगायची असते, आणि इथे कुणी सांगितली नाही. तुमच्या बायकांची शिवण मात्र वाखाणण्यासारखी आहे. दीडशे तुकड्यांत पाव इंच कुठे हलला नाही, म्हणून तर हिशेब इतका स्वच्छ निघाला.

भाचीला एवढं सांगा की प्रत्येक तुकड्याची दोन मापं लिहायची, दिसणारं आणि कापायचं. मशीनवर पाव इंच माया धरत असाल तर दिसणाऱ्या मापात अर्धा इंच मिळवा, म्हणजे सहाचा तुकडा साडेसहाचा कापायचा. जुन्या विरविरीत लुगड्याला पाव इंच कमी पडतो, सूत सुटून शिवण उसवते. तिथे तीन सूत माया ठेवा (मापातलं एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), म्हणजे तुकडा पावणेसातचा. आणि तुकडे आधी न जोडता कडा आत मुडपून थेट थरांवर धावदोऱ्याने बसवत असाल, आपल्याकडच्या जुन्या पद्धतीने, तर मुडपायला चारी बाजूंनी अर्धा इंच लागतो, तुकडा सात इंचांचा. परदेशी सॉफ्टवेअर आणि नमुने बहुतेक पाव इंचच धरतात. तुमच्या हाताची पद्धत कोणती, ते आधी ठरवा आणि मग आकडा घाला.

मशीनवर पाव इंच खरोखर पडतो का, हे तपासायला अडीच इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारीशेजारी जोडून इस्त्री करा. मधली पट्टी बरोबर दोन इंच दिसली पाहिजे. पावणेदोन दिसली तर शिवण आत चालली आहे. मशीनच्या पट्टीवर सुईपासून पाव इंचावर चिकटपट्टी लावा आणि कापडाची कड तिला घासून चालू द्या. गटातल्या सगळ्या मशीनवर ही परीक्षा करा, कारण दोन मशीनमध्ये एका सुताचा फरक असेल तर तो दहा तुकड्यांत इंचापलीकडे जातो.

आता कापून झालेल्या तुकड्यांचं काय? ते वाया जाणार नाहीत. पण दुरुस्तीआधी आणखी एक आकडा हवा. दाट धावदोऱ्याने आणि पहिल्या धुण्याने गोधडी आखडते. किती, ते थर, दोरा आणि हात यांवर असतं, म्हणून नमुनाच करावा लागतो. त्याच कापडाचा, तेवढ्याच थरांचा १५ इंची तुकडा घ्या. त्यावर मधोमध १२ इंचांचा चौकोन पक्क्या रंगाच्या दोऱ्याने खुणेपुरता घाला. मग नेहमीच्या अंतराने धावदोरा घाला, धुवा, वाळवा आणि खूण मोजा. समजा १२ चे साडेअकरा झाले. मग ६० इंच हवे असतील तर शिवायच्या आधी ६० × १२ ÷ ११.५ म्हणजे साडेबासष्ट, आणि ९० साठी सुमारे ९४ इंच लागतील.

तुमचा थर चारी कडा धरून साडेपंचावन्न × ८३ आहे. कडेची पाव-पाव इंच माया गेली की दिसेल ५५ × साडेब्याऐंशी. रुंदीत साडेसात इंच वाढवायचे, म्हणजे दोन्ही बाजूंना पावणेचार. लांबीत साडेअकरा, म्हणजे उशाशी आणि पायथ्याशी पावणेसहा. लुगड्याच्या गोधडीला हे शोभूनच दिसतं: बाजूंना काठ लावा, उशा-पायथ्याला पदर. बाजूच्या पट्ट्या साडेचार इंच रुंद कापा. त्यात आतल्या जोडाची पाव इंच आणि बाहेर मुडपायची अर्धा इंच माया आली. लांबी ८३ ठेवा. त्या लावून झाल्या की उशा-पायथ्याच्या पट्ट्या साडेसहा रुंद आणि साडेत्रेसष्ट लांब. लुगडं साधारण आठ मीटरचं असतं. काठ धड असतील तर एका लुगड्याच्या दोन्ही काठांत मिळून ८३ इंचांच्या सहा पट्ट्या निघतात, म्हणजे तीन गोधड्यांच्या बाजू. पदराचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, मात्र साडेत्रेसष्टला पुरणार नाही. पदर मध्ये ठेवून दोन्ही टोकांना सारख्या लांबीचे तुकडे जोडा. एकाच टोकाला जोड दिला तर गोधडी एकीकडे कललेली दिसते.

पट्टी लावताना एक पथ्य पाळा. लांब पट्टी घेऊन शिवत जायचं आणि उरलेली शेवटी कापायची, असं करू नका. जुनं कापड मशीनखाली ताणतं, पट्टी जास्त बसते आणि गोधडीच्या कडेला लाटा येतात. पट्टी आधी मापाने कापा. पट्टीच्या आणि गोधडीच्या निम्म्यावर आणि पावावर टाचण्या लावा, त्या जुळवा आणि मगच शिवा.

एक उभी आणि एक आडवी ओळ वाढवून ११ × १६ करावी, असंही वाटेल. पण त्याला गोधडीमागे २६ तुकडे जास्त लागतात, तरी दिसणारी लांबी ८८ इंचच भरते, आणि मधला चौक असेल तर तो एकीकडे सरकतो. तुमच्या कामाला काठाचाच उपाय बरा.

पुढच्या कामासाठी मात्र सुरुवातच बदला, असं आमचं आग्रहाचं सांगणं आहे. तुम्ही आधी स्क्रीनवर गोधडी काढली आणि मग ती लुगड्यांतून काढायला गेलात. नव्या ठाणातून कापणाऱ्याला ते चालतं. जुन्या कापडाचा गठ्ठा ठरलेला असतो, त्यात जे आहे तेवढंच आहे. म्हणून कॉम्प्युटरमध्ये पहिली नोंद डिझाइनची न करता गठ्ठ्याची करा.

प्रत्येक लुगडं-साडी उजेडासमोर धरा. निऱ्यांचा आणि बसायचा भाग झिरझिरीत झालेला दिसेल. त्यावर खडूने फुली मारा, तो भाग आतल्या थरात जाईल. उरलेला धड भाग मोजा. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये किंवा फोनवरच्या गुगल शीट्समध्ये, दोन्ही फुकट आहेत, एक तक्ता करा: कापडाचा नंबर, रंग, गडद की फिकट, धड भागाची लांबी, पन्हा, आणि शेवटी त्यातून किती चौकोन निघतील. दोन मीटर लांब आणि ४० इंच पन्ह्याचा धड भाग असेल तर दोन मीटर म्हणजे पावणेएकोणऐंशी इंच. त्याला साडेसहाने भागा, येतात १२ ओळी. ४० ला साडेसहाने भागा, येतात ६. अपूर्णांक दोन्हीकडे सोडून द्यायचा. बारा सक बहात्तर चौकोन. एकदा सूत्र घातलं की पुढच्या प्रत्येक कापडाला फक्त लांबी आणि पन्हा टाकायचा. साठ्याचा आकडा समोर असला की डिझाइन आपोआप वास्तवात राहतं. लाल कापडाचे ४० च चौकोन निघत असतील, तर ६० लाल चौकोनांची नक्षी कुणी काढणारच नाही.

चौकोनांच्या गोधडीला चित्राचं सॉफ्टवेअर लागतच नाही. त्याच कॅल्कमध्ये नवीन पान उघडा. १० रकाने आणि १५ ओळी निवडा, रकान्याची रुंदी आणि ओळीची उंची दोन्ही एक सेंटीमीटर करा. चौकोनी घरं तयार झाली. प्रत्येक घरात कापडाची खूण लिहा: ‘ला’ लालसाठी, ‘हि’ हिरव्यासाठी, ‘का’ काळ्यासाठी. मग फॉरमॅट मेनूतल्या कंडिशनल फॉरमॅटिंगने सांगा की ‘ला’ असेल तिथे घर लाल कर, ‘हि’ असेल तिथे हिरवं. खूण बदलली की रंग लगेच बदलतो. पंधरा मिनिटांत चार-पाच मांडण्या करून बघता येतात आणि मंजुरीसाठी गिऱ्हाइकाला पाठवता येतात. नुसता हाताने रंग भरू नका. रंगवलेली घरं सॉफ्टवेअरला साध्या सूत्राने मोजता येत नाहीत, अक्षरं मोजता येतात. काउंटइफ हे सूत्र सगळ्या तक्त्यात ‘ला’ किती वेळा आलं ते सांगतं.

इथूनच कापडाचा हिशेब निघतो. नवं कापड विकत घेणार असाल तर तो क्षेत्रफळावरून करू नका, बहुतेकांची फसगत तिथेच होते. समजा ५० लाल चौकोन हवेत आणि दुकानातल्या कापडाचा पन्हा ४४ इंच आहे. धुतल्यावर आणि किनार सोडल्यावर कामाचे ४२ धरा. क्षेत्रफळाने बघितलं तर सव्वा मीटरच्या थोडं वर, १.२८ मीटर पुरावं असं वाटतं. पण ४२ इंचांत साडेसहाचे सहाच तुकडे बसतात, उरलेली तीन इंचांची चिंधी उरतेच. ५० तुकड्यांना नऊ ओळी लागतात. नऊ साडेसहा म्हणजे साडेअठ्ठावन्न इंच, दीड मीटरला किंचित कमी. १.२८ मीटर आणलं असतं तर सातच ओळी निघाल्या असत्या, ४२ तुकडे, आठ कमी. पन्हा ३६ चा असेल तर कामाचे ३४ इंच, ओळीत पाच तुकडे, दहा ओळी, ६५ इंच, म्हणजे १.६५ मीटर. पन्हा बदलला की सगळा हिशेब बदलतो, म्हणून दुकानात आधी पन्हा विचारा. वर दहा टक्के जास्त घ्या: काप तिरका जातो, नवं सुती कापड आटतं, एखादा तुकडा बिघडतो.

नव्या कापडाचा अर्धा मीटर लांब-रुंद तुकडा कापून धुवा आणि पुन्हा मोजा. त्याच वेळी ओल्या कापडावर पांढरी चिंधी दाबून बघा. चिंधी रंगली तर ते कापड पांढऱ्याशेजारी ठेवू नका. जुनं लुगडं आटून, रंग सोडून मोकळं झालेलं असतं आणि नवं कापड अजून आटायचं असतं. दोन्ही न धुता एकत्र शिवली तर पहिल्या धुण्याला नव्याच्या भोवती चुण्या पडतात.

इन्कस्केप लागतं ते त्रिकोण, शंकरपाळे आणि गोल आकारांना. तुमची टोकं का जुळली नाहीत, याची तीन कारणं असू शकतात. बहुधा तिन्ही एकत्र आली असतील.

पहिलं कारण छपाई. झेरॉक्सच्या दुकानात पीडीएफ उघडली की छापताना ‘फिट’ हा पर्याय बहुतेक आपोआप निवडलेला असतो. पान कागदाच्या कडेत बसवायला तो चित्र लहान करतो. त्याऐवजी ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’ किंवा १०० टक्के निवडायला सांगा. कागद ए-फोर आहे ना, हेही बघा. अमेरिकी नमुने बहुतेक लेटर मापावर केलेले असतात, तो कागद ए-फोरपेक्षा रुंद आणि आखूड असतो. प्रत्येक पानावर भाचीला १५ सेंटीमीटरची एक रेघ काढून ठेवायला सांगा. पान हातात आलं की दुकानातच ती मोजा. साडेचौदा भरली तर सहा इंचांचा साचा ५.८ चा झाला आहे, पैसे देण्याआधी पुन्हा छापून घ्या. छापलेल्या साच्याची झेरॉक्स काढू नका, मशीन कधी टक्काभर लहान-मोठं करतं. प्रत्येक प्रत फाइलमधूनच छापा. आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो दाबून लहान केला जातो आणि माप हरवतं.

दुसरं कारण रेघेची जाडी. इन्कस्केप मूळच्या सेटिंगमध्ये आकाराचं माप रेघेच्या जाडीसकट दाखवतं. रेघ एक मिलिमीटरची असेल आणि भाचीने रुंदीच्या रकान्यात ६ इंच लिहिले, तर आतला खरा आकार ५.९६ इंच होतो. दहा तुकड्यांत तीन सूत गेले. प्रेफरन्सेसमध्ये टूल्स या पानावर बाउंडिंग बॉक्स ‘जॉमेट्रिक’ करा, मग रेघ मोजली जाणार नाही. रेघही पाव मिलिमीटरची ठेवा. जाड रेघेच्या एक जण आतून कापतो, दुसरा बाहेरून. गटात कापणारे हात दोन असतील तर हा फरक पडतोच.

तिसरं कारण त्रिकोणाची माया, आणि हे जरा नीट समजून घ्या. चौकोन कर्णावर कापून दोन त्रिकोण काढायचे असतील तर अर्धा इंच मिळवून भागत नाही. त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाशी माया तिरकी जाते आणि जास्त कापड खाते. पाव इंच मायेला दिसणाऱ्या मापात सात सूत मिळवावे लागतात: सहा इंचांच्या त्रिकोणासाठी सहा इंच सात सुतांचा चौकोन कापा, मग कर्णावर दोन करा. साडेसहाचाच कापला तर त्रिकोण जवळजवळ तीन सूत लहान होतो आणि शेजारच्या सहा इंची चौकोनाशी त्याचं टोक कधीच भेटत नाही. एका चौकोनाचे दोन्ही कर्णांवर चार त्रिकोण करायचे असतील तर सव्वा इंच मिळवा. हे सव्वा इंच त्रिकोणाच्या लांब बाजूच्या मापात मिळवायचे असतात. चार त्रिकोणांची लांब बाजू कापडाच्या सरळ धाग्यावर येते, दोनांची तिरकी येते. तिरकी बाजू हाताने ओढली की वाढते, म्हणून ती गोधडीच्या बाहेरच्या कडेला येऊ देऊ नका.

वेड्यावाकड्या आकाराला माया देण्याची इन्कस्केपमधली सोपी युक्ती अशी. आकाराची एक प्रत काढा, तिला अर्धा इंच जाडीची राखाडी रेघ द्या आणि कोपऱ्यासाठी ‘मायटर जॉइन’ निवडा, म्हणजे टोक गोल न होता टोकदार राहतं. रेघ आकाराच्या कडेवर निम्मी आत आणि निम्मी बाहेर बसते, म्हणून बाहेर बरोबर पाव इंच राखाडी दिसतो. मूळ आकार पांढरा करून वर ठेवा. राखाडीची बाहेरची कड म्हणजे कापायची रेघ, पांढऱ्याची कड म्हणजे शिवायची. साचा पुठ्ठ्यावर चिकटवताना कुठली बाजू वर ते लिहा. तिरक्या शंकरपाळ्याचा साचा उलटा ठेवून कापला तर तुकडा आरशातल्यासारखा निघतो आणि कुठेच बसत नाही. कापड दुमडून दोन तुकडे एकदम कापले तर त्यातला एक असाच उलटा येतो.

पान काढतानाच त्याचं माप ६० × ९० इंच घाला आणि एका इंचाची ग्रिड चालू करा. एक तुकडा काढून ‘टाइल्ड क्लोन्स’ने १५ ओळी आणि १० रकाने भरता येतात. मूळ तुकडा बदलला की सगळे बदलतात. पण क्लोनला वेगवेगळे रंग द्यायचे असतील तर मूळ तुकड्याचा रंग आधी ‘अनसेट’ करावा लागतो, नाहीतर कितीही रंग दिले तरी क्लोन ढिम्म हलत नाहीत. नवशिके इथे हमखास अडकतात.

रंगांचं म्हणाल तर स्क्रीनच्या लाल-हिरव्यावर भरवसा ठेवू नका. खानदेशातल्या दुपारच्या उन्हात काढलेल्या फोटोत फिकट रंग पांढरे पडतात, आणि ट्यूबलाइटखाली सगळ्यांवर निळसर झाक येते. सकाळी ओसरीच्या सावलीत, कापड सपाट पसरून, शेजारी पांढरा कागद आणि पट्टी ठेवून फोटो काढा. कागद फोटोत पांढरा दिसतो ना ते बघा, पिवळा किंवा निळा दिसला तर फोटो परत घ्या. पट्टी ठेवायची ती छापाच्या मापासाठी. चार इंचांचं फूल डिझाइनमध्ये नखाएवढं दाखवलं तर शिवल्यावर चौकोनात अर्धंच फूल येतं आणि सगळी गोधडी वेगळी वाटते. फोटो इन्कस्केपमध्ये भरण म्हणून वापरताना पट्टीवरून त्याचं माप जुळवा.

नक्षी उठून दिसते ती रंगापेक्षा गडद-फिकटाने. मांडणीचा फोटो फोनमध्ये काळा-पांढरा करून बघा. लाल आणि हिरवं शेजारी छान दिसतं, पण काळ्या-पांढऱ्यात दोन्ही सारखेच राखाडी झाले तर चार हात लांबून नक्षी विरघळते. तुमच्या दुसऱ्या डिझाइनमध्ये बहुधा हेच झालं आहे. गिऱ्हाइकाला नुसतं डिझाइन पाठवू नका, सोबत खऱ्या कापडांचा एकत्र फोटो पाठवा आणि स्पष्ट लिहा की जुन्या कापडाच्या सहा गोधड्या मापाने सारख्या असतील, रंगाने तंतोतंत नसतील. हे आधी लिहिलेलं बरं.

तक्ता स्क्रीनवर ठेवून शिवायला बसू नका, वीज गेली की काम थांबतं. मोठा छापून भिंतीला लावा. अक्षरांशेजारी त्या त्या कापडाची बोटभर चिंधी डकवा, म्हणजे वाचता न येणारी बाईही ओळ लावू शकते. कापलेले तुकडे ओळीच्या क्रमाने रचा, डावीकडचा सगळ्यात वर, मधून दोरा ओवा आणि ‘ओळ ७’ अशी चिठ्ठी बांधा. पंधरा जुड्या झाल्या की तीन-चार जणी एकाच वेळी वेगवेगळ्या ओळी शिवू शकतात.

धावदोऱ्याचा हिशेबही करून ठेवा. कडेकडून आत येणाऱ्या ओळींत जेवढं अंतर, त्याने गोधडीच्या क्षेत्रफळाला भागलं की रेघेची लांबी मिळते. ६० × ९० म्हणजे ५४०० चौरस इंच, अंतर पाऊण इंच, तर ७२०० इंच, १८३ मीटर. दोरा वर-खाली जातो आणि गाठींत जातो, म्हणून चौथाई जास्त धरा, सुमारे २३० मीटर. दुहेरी दोरा घेत असाल तर दुप्पट. अर्धा इंच अंतर ठेवलं तर नुसती रेघच २७४ मीटर होते, आणि शिवणाऱ्या बाईचे तासही त्याच प्रमाणात वाढतात. मजुरी ठरवताना हा आकडा समोर ठेवा. चौकोन मोजून मजुरी दिली तर दाट धावदोरा घालणारीचं नुकसान होतं.

आता विकतचं सॉफ्टवेअर. या कामातलं नावाजलेलं म्हणजे अमेरिकेतलं इलेक्ट्रिक क्विल्ट, त्याची आठवी आवृत्ती २०१७ मध्ये आली. ते विंडोज आणि मॅकवर चालतं. त्यात हजारो तयार चौकोन-नक्ष्या आहेत, माया धरून साचे छापून मिळतात आणि कापडाचा अंदाजही मिळतो. माया आणि पन्हा आपल्या मापाचे घालता येतात, ते घालायला विसरू नका. अंदाज यार्डात आला तर तो मीटरमध्ये बदलून घ्या. एक यार्ड ३६ इंचांचा, मीटरपेक्षा सव्वातीन इंचांहून जास्त आखूड, म्हणून दुकानात सांगताना यार्डाला ०.९१ ने गुणा. पण त्याचा सगळा विचार नव्या ठाणाच्या कापडाचा आहे. ज्या लुगड्याच्या मधल्या भागावर खडूची फुली आहे, त्यातून किती तुकडे निघतील हे ते सांगणार नाही. ते तुमच्या कॅल्कच्या तक्त्यालाच कळेल. शिवाय पैसे डॉलरमध्ये मोजावे लागतात. आत्ता घेऊ नका. एकच नक्षी पाळण्याच्या, पलंगाच्या आणि दुहेरी पलंगाच्या मापात पुन्हा पुन्हा मागणारं गिऱ्हाईक मिळालं आणि नव्या कापडाचं काम वाढलं, तर घ्या. तेव्हा माप बदलून नवे साचे काढण्यात भाचीचे जे दिवस जातील ते खरोखर वाचतील.

सध्याच्या सहा गोधड्यांसाठी आधी १५ इंची नमुना धुवून मोजा, त्यावरून काठ-पदराची मापं पक्की करा आणि एक गोधडी पूर्ण शिवून, धुवून, मोजून घ्या. ती ६० × ९० ला अर्ध्या इंचाच्या आत बसली की मगच उरलेल्या पाचांचे काठ कापा.